रौशन-आपायांना निरोप देताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वस्तीतले सर्वांत ज्येष्ठ अक्साकाल माननीय ओराझबाय, जिल्ह्याहून खराब रस्त्याची पर्वा न करता आलेले पाहुणे डॉक्टर, दवाखान्यातील सर्व परिचारिका आणि कर्मचारी, सूत्रसंचालक जोमार्त, जमलेले शेजारी, माझे आजी-माजी विद्यार्थी, आणि जिच्यासाठी आपण एकत्र आलो आहोत ती आपली डॉक्टर, सगळ्यांची थोरली ताई, रौशन-आपाय, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

या यादीतून काही माणसं सुटली आहेत, याची मला कल्पना आहे. त्यांच्याकडे मी येणारच आहे.

मी भूगोलाची शिक्षिका. मला नद्यांबद्दल बोलायला सांगा, तासभर बोलेन. माणसाचा गौरव करायचा म्हटलं की मात्र माझी पंचाईत होते. घरी चार वेळा भाषण लिहिलं आणि चारही वेळा वाटलं, हे कोणत्याही डॉक्टरबाईला चालेल. 'सेवाभाव', 'त्याग', 'मायेची सावली'. आपायला हे शब्द ऐकवले असते तर ती म्हणाली असती, "मुली, माझी मय्यत आहे की बदली?"

बदलीही नाही. निवृत्ती आहे. परवाच्या गाडीने ती पावलोदारला लेकीकडे जाणार. तिच्या जागी कोण येणार, हे मी पाहुण्या डॉक्टरांना मघाशी विचारलं. ते सज्जन आहेत, खोटं बोलले नाहीत. "बघू," म्हणाले.

हो जोमार्त, दिसतंय मला. पेले भरलेत आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. दोन मिनिटं धीर धर. तुझ्या लग्नात तू स्वतःच पाऊण तास बोलला होतास आणि नवरी पेंगली होती.

पण पेल्यांचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकते. आपाय काय काम करत होती? दारू सुटावी म्हणून धडपडणाऱ्या माणसांची डॉक्टर होती. आणि तिला निरोप देताना आपण प्रत्येक टेबलावर दोन-दोन बाटल्या मांडल्या आहेत. ज्यांनी मांडल्या त्यांच्या मनात पाप नव्हतं. मीही त्या बैठकीला होते. कोणीतरी म्हणालं, "एवढ्या मोठ्या माणसाला कोरड्या टेबलावरून पाठवायचं? लोक काय म्हणतील?" आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे प्रेम दाखवायचं म्हणजे पेला भरायचा, त्याशिवाय दुसरी रीतच आपल्या हातांना येत नाही.

म्हणून तिची माणसं आत आलेली नाहीत. खिडकीतून अंगणात बघा. इंजिन-शेडमधला वेल्डर आहे, टपालातली बाई आहे, कबुतरं पाळणारा म्हातारा आहे. समोवार पेटवून चहा पीत बसलेत. आणि ट्रकला टेकून उभा आहे तो माझा धाकटा भाऊ, एर्केबुलान.

त्याच्याबद्दल बोलू का, असं मी त्याला विचारलं होतं. घरातली गोष्ट भर सभेत नेणं बरोबर का, यावर मी बरेच दिवस अडले होते. तो म्हणाला, "सांग ताई. पण मला बिचारा करू नकोस."

तर एर्के बिचारा नाही. चांगला फिटर आहे, चिडका आहे, बुद्धिबळात रडीचा डाव खेळतो. आणि दारू पिऊ लागला की थांबत नाही.

पहिल्यांदा आम्ही त्याला शहरात नेऊन 'कुलूप' लावून आणलं. तुमच्यापैकी किती घरांत हे झालंय, मला माहीत आहे, हात वर करायला सांगत नाही. दंडात सुई टोचतात आणि सांगतात, आता एक घोट घेतलास तर हृदय बंद पडेल. भीतीने तो वर्षभर प्यायला नाही. मग एकदा जरासा चाखून बघितला. मेला नाही. मग कशाला घाबरायचं?

तेव्हा आम्ही आपायकडे आलो. मी रडत म्हणाले, "यापेक्षा मोठं कुलूप लावा." ती म्हणाली, "तुझ्या आजोबांचा नमद्याचा तंबू किती दोऱ्यांनी बांधायचे?" मी म्हणाले, मोजल्या नाहीत, पुष्कळ होत्या. "मग याला एका सुईवर का उभा करता?"

त्या दिवसापासून ती त्याच्यासाठी दोऱ्या शोधायला लागली. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या भूगोलाच्या वर्गात बैठक भरायला लागली. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं आणि भिंतीवर जगाचा नकाशा. वेल्डर मशिदीत जाऊ लागला आणि सावरला. एर्केही गेला. इमामसाहेब प्रेमळ माणूस आहेत, पण एर्के म्हणाला, "तिथे मला सारखं वाटतं की मी परीक्षेला बसलोय." आपाय रागावली नाही. "ती दोरी त्याची, तुझी दुसरी असेल." कबुतरवाल्याने त्याला कबुतरं दाखवली. तोही उपाय चालला नाही, एर्केला शिंका येतात.

मी स्वतः त्याची दोरी व्हायला निघाले होते. रोज संध्याकाळी जाऊन बसायची. एक दिवस तो म्हणाला, "ताई, तू चहा प्यायला येत नाहीस. वास घ्यायला येतेस." खरं होतं ते. बहिणीला हे काम जमत नाही, निदान मला तरी जमलं नाही.

मग आपाय अध्यक्षमहाराजांकडे गेली. म्हणजे आमच्या मामांकडे. ओराझबाय अक्साकाल माझ्या आईचे थोरले भाऊ. त्यांचे घोडे सगळ्या तालुक्याला माहीत आहेत. मामांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "पाठव त्याला. घोड्यांना फिटर लागत नाही, पण बघू."

आणि एर्के बदलला, हे या सभागृहातले निम्मे लोक सांगतील. सुट्टीच्या दिवशी पहाटेच माळावर जायचा. वाऱ्याने गाल फाटलेले, अंगाला घामाचा आणि घोड्यांचा वास. मी विचारलं, एवढं काय आहे रे तिथे? म्हणाला, "गुरुवार चांगला आहे, आपाय चांगली आहे. पण घोडे मला काही विचारत नाहीत." पोटात बाळ हलावं तसं मला झालं त्या दिवशी. अतिशयोक्ती वाटली तर माफ करा, मला दुसरी उपमा सुचत नाही.

पुढचं बोलायला मला जड जातंय. मामा, तुमची परवानगी आहे असं धरून चालते.

शरदात घोड्यांचं दूध काढणं बंद होतं, तेव्हाची, ते दूध आंबवून केलेल्या शेवटच्या किमिझची मेजवानी. मामांचा तंबू पाहुण्यांनी भरलेला. मामांनी आपल्या वाडग्यातलं किमिझ अर्धं प्यायलं, आणि सगळ्यांसमोर वाडगा एर्केकडे केला. वडीलधाऱ्याचं उष्टं म्हणजे आशीर्वाद, हे इथे कोणाला सांगायला नको. त्या तंबूत मामांचे स्वतःचे मुलगे होते, नातू होते. वाडगा मिळाला तो भाच्याला. म्हणजे सगळ्यांसमोर मामांनी सांगितलं की हा माणूस झाला, हा आपला आहे.

तो कसा नको म्हणणार? आणि किमिझला दारू कोण म्हणतं? आपण तान्ह्या मुलांच्या ओठाला लावतो. पण शरदातलं किमिझ किती चढलेलं असतं, हे आपल्याला जिभेने माहीत असतं, मनाने आपण ते दूधच धरतो.

त्याने वाडगा रिकामा केला. त्या रात्री तो घरी आला नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच कंदील घेऊन शोधायला निघाला होतात. पहिल्या बर्फात तो मालधक्क्याच्या मागे सापडला. डाव्या पायाची दोन बोटं गेली.

आपाय मामांकडे गेली. मी सोबत होते. चहा आला, प्रकृतीची विचारपूस झाली, घोड्यांची झाली. मग ती म्हणाली, "अक्साकाल, याला पुन्हा किमिझ देऊ नका."

मामा म्हणाले, "मी बहिणीच्या लेकराला विष पाजलं, असं म्हणतेस?"

"नाही. तुम्ही आशीर्वादच दिलात. पण ज्या वाडग्यातून दिलात, तो त्याला चालत नाही."

"माझ्या बापाने किमिझवर माणसं जगवली. दवाखान्यातल्या बाईने मला ते शिकवू नये. आणि माझं किमिझ ज्याला चालत नाही, त्याचं माझ्या घोड्यांजवळ काय काम?"

मामा, मी शब्द बदललेले नाहीत. घरी येऊन लगेच लिहून ठेवले होते, रागाच्या भरात पदरचं काही घालू नये म्हणून. तुमचा अपमान झाला हे मला तेव्हाही कळत होतं. अख्ख्या आयुष्यात जे सर्वांत चांगलं म्हणून दिलंत, तेच नको म्हणून एक बाई तुमच्या दारात आली होती.

तेव्हापासून एर्के माळावर गेलेला नाही. पुन्हा प्यायलाही नाही. गुरुवार आणि आपाय, एवढ्या दोन दोऱ्यांवर त्याने हा हिवाळा काढला. परवा त्यातली एक गाडीत बसून जाणार. गुरुवारी वर्ग मी उघडीन, स्टोव्ह पेटवीन. पण तो म्हणाला, "ताई, आपायच्या खुर्चीवर तू बसणार असशील तर मला बोलवू नकोस." मी रागावू शकले नाही.

म्हणजे आज मी इथे गौरव करायला उभी आहे आणि मनातून घाबरलेली आहे. आपाय, तुमच्या जाण्याचं दुःख मला वाटतं, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा भीती जास्त आहे. असं निरोपाच्या सभेत म्हणतात का? बहुधा नाही.

काही आठवड्यांत घोड्या वितील. माळावर माणूस लागेल. रीतीप्रमाणे माझं भाषण संपलं की अध्यक्ष हात पसरून मला आशीर्वाद देतील. मामा, आज तो देऊ नका. त्याऐवजी एर्केला घोड्यांवर परत घ्या. आणि तुमच्या तंबूत त्याच्यापुढे फक्त चहा ठेवा, कितीही मोठी मेजवानी असली तरी, कोणीही हसलं तरी. तुम्ही ठेवलात तर कोणी हसणार नाही. हे मागायला त्याने मला सांगितलेलं नाही. कळलं तर तो भांडेल. खिडकी उघडी आहे, बहुधा कळलंच आहे.

तुमच्या घरी एकट्यात यायला हवं होतं, हे खरं. तीनदा आले. तिन्ही वेळा चहा झाला, प्रकृती झाली, घोडे झाले, आणि मी परत आले.

आता आभार. परिचारिकांचे, स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे, सभागृह देणाऱ्या रेल्वेच्या मंडळींचे. रौशन-आपाय, तुमचे आभार मानायला मी उभी राहिले आणि तुमच्याकडून शिकले तेच करून बसले, दुसऱ्यासाठी मागितलं, तेही भर लोकांत. तुमच्या वाटेला...

मामा? कुठे निघालात? अजून माझं...

जोमार्त, त्यांना धरू नकोस. काठी दे त्यांच्या हातात आणि बाजूला हो. या सभागृहाला दार एकच आहे. घरी जायचं तरी तेच, अंगणात जायचं तरी तेच.

जे कमी-जास्त बोलले असेन, वडीलधाऱ्यांना दुखवलं असेन, ते सगळं पोटात घाला. मी बघून येते.