पाणी म्हणायचं नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, या ओतकाम कारखान्यातले माझे सगळे कारागीर मित्र, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे राहिलेले रसिकहो,

वहिनी आज कामातून निवृत्त होत आहेत. त्या माझ्या थोरल्या भाच्याची बायको. पण इथे फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून सगळेच त्यांना वहिनी म्हणतात, तसा मीही म्हणतो. मी जन्मभर शाळेत कविता शिकवल्या. ओतकामातलं मला काय कळणार? शब्दातलं मात्र थोडं कळतं. म्हणून एका शब्दाविषयी बोलतो.

वितळलेल्या धातूला ओतकामवाले ‘पाणी’ म्हणतात. ‘पाणी झालं’ म्हणजे धातू ओतायला तयार! केवढा गोड शब्द! कवितेत आला असता तर आम्ही वर्गात चाल लावून म्हटला असता. याच शब्दाने आमच्या घरातला एक डोळा नेला.

तेव्हा हा कारखाना नव्हता. घरामागे पत्र्याची शेड होती. थोरल्याने एका जुन्या पिंपाला आतून भट्टीच्या विटा आणि माती लावून स्वतः भट्टी बांधली. इंधनाला उंचावर जळक्या इंजिन ऑइलचा डबा, त्यातून खाली आलेली नळी, नळीला तोटी आणि वारा मारायला पंखा. पंख्याला मोटर हवी होती. ती त्याने धाकट्या भावाच्या लेथ यंत्राची काढली. न विचारता! आणि धाकटा कोण? शाळेत कविता चुकली म्हणून बाकाचा पाय मोडणारा.

पहिल्यांदा भट्टी पेटली, त्या दिवशी मी तिथे खोक्यावर बसलो होतो. सज्जनहो, ती आग नव्हती, साखळी तुटलेलं जनावर होतं. शेडचे पत्रे थरथरत होते. थोरल्याने पितळाची मूस, म्हणजे धातू वितळवायचं ते भांडं, चिमट्याने उचलून साच्याजवळ ठेवली, आणि धाकटा दारातून आत आला.

“माझी मोटर कुठाय रे?”

“ओरडू नकोस. ओतून झालं की देतो.”

“तुझ्या बापाची आहे का?”

“तुझा बाप वेगळा आहे का?”

मला हसू आलं, पण ते ओठांवर येण्याआधीच धाकट्याची मूठ थोरल्याच्या नाकावर बसली. थोरल्याने सळई उचलली. ती धाकट्याच्या बरगडीवर अशी बसली, की वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. भाऊ होते ते, एका ताटात जेवलेले! एकमेकांचे गळे धरून दोघे मुशीवर आदळले, मूस कलंडली, थोरल्याच्या सदऱ्याने पेट घेतला. पितळ भावाच्या पायांकडे वाहताना पाहून तो जिवाच्या आकांताने ओरडला, “पाणी! पाणी!”

वहिनी तेव्हा नवी नवरी होत्या, शिंप्याच्या घरून आलेल्या. नवऱ्याचा सदरा जळतोय आणि नवरा पाणी मागतोय. त्यांनी काय करावं? त्यांनी भरलेली बादली उचलली आणि ओतली, नवऱ्यावर आणि त्या वाहत्या पितळावरही.

तो स्फोट मी अजून ऐकतो. पितळाचे थेंब गोफणीतल्या गोट्यांसारखे उडाले. थोरल्याचा कान गेला. धाकट्याने तोंडावर हात दाबला, आणि बोटांमधून जे वाहत होतं त्याचं वर्णन मी या सभेत करणार नाही. तोटी बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. डबा रिकामा होईपर्यंत भट्टी भुंकत राहिली.

धाकटा पट्टी बांधून घरी आला, त्या दिवशी माझ्या बहिणीने या सुनेला केस धरून ओढत दारापर्यंत नेलं. गाठोडं रस्त्यावर फेकलं. “पांढऱ्या पायाची! माझ्या लेकाचा डोळा खाल्लास! जा बापाकडे!” मी मध्ये पडलो तर मला म्हणाली, “दादा, तू कविता म्हण.” आणि नवरा? भिंतीकडे तोंड करून उभा.

तेवढ्यात खाटेवरून पितळी पेला सणसणत आला आणि थोरल्याच्या कपाळावर आदळला. फुटलं! कपाळ फुटलं म्हणतोय मी, पेला नाही.

“तोंड शिवलंय का रे?” धाकटा किंचाळला. “पाणी पाणी म्हणून कोण बोंबललं? वहिनीने ऐकलं तेच केलं ना? बोल!”

रक्त पुसत थोरला म्हणाला, “आई, सोड तिला. मीच ओरडलो.”

केस सुटले. वहिनी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आत येईन. पण तेलाची तोटी माझ्या हातात राहील. दोघांपैकी कुणाचाही हात उठला, की बंद. आणि त्याला पुन्हा पाणी म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणायचं?” माझी बहीण.

“वितळलेलं पितळ म्हणा. लांबलचक आहे. म्हणेपर्यंत राग उतरेल.”

त्यानंतर भाऊ भांडले नाहीत असं म्हणालो, तर हे दोघेच हसतील. पण हात उठला की तोटी बंद. मुशीतलं पितळ तिथेच थिजायचं. मग छिन्नी-हातोडा घेऊन ते फोडत बसायचं, दोघांनी मिळून. वहिनी समोर बसून सांगायच्या, “भाऊजी, जरा जोरात. मघाशी जोर होता की!” त्या शेडचा हा कारखाना असा झाला.

काल मी विचारलं, “वहिनी, आता तोटीवर कोण? हे म्हातारे एकमेकांचा जीव घेतील.” त्यांनी मला भट्टीपाशी नेलं. नळी तीच, पण आता तिला एकापुढे एक दोन तोट्या आहेत. एक थोरल्याच्या बाजूला, एक धाकट्याच्या. दोन्ही उघडल्या तरच तेल येतं.

वहिनी, या सगळ्यांच्या वतीने तुम्हाला मनापासून धन्यवाद. आयोजकांचा आणि तुम्हा श्रोत्यांचा मी ऋणी आहे. घरातली मारामारी चारचौघांत सांगितली. त्यात कुणाला लागलं असेल तर म्हाताऱ्याची जीभ सैल पडली असं समजून पोटात घाला. आणि भाच्यांनो, उद्या सकाळी भट्टी पेटवायची आहे. दोघेही वेळेवर या.