वॉलची जोडी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे विद्युत विभागातले इंद्रजीतराव, त्यांची लेक श्वेता, आणि भातसानगर वसाहतीतल्या बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

नोकरीचा गौरव साहेबांनी केला. मी पडलो शेजारी, मला घरातलंच ठाऊक.

त्यांच्या पत्नी संजीवनीवहिनी. विहारात पौर्णिमेच्या वंदनेला त्यांचाच आवाज पुढे असायचा. गेल्या साली घशाच्या ऑपरेशनात तो गेला, उरली नुसती कुजबूज. तरी बाई गप्प बसतील? वैशाखी पौर्णिमेला वंदना मीच म्हणणार, असा हट्ट धरला. मग या गृहस्थांनी घरीच, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या ट्यूबांचा, आवाज वाढवणारा अँप्लिफायर बांधायला घेतला.

मी आपला शहाणपणा केला, शेवटची आउटपुट ट्यूब दणकट घाला म्हटलं. ते म्हणाले, "आवाज मोठा होईल, पण तिचा नाय राहणार." आधीची ड्रायव्हर ट्यूबच गुरगुरली, तर आउटपुट ट्यूब ती गुरगुर वाढवते आणि कुजबूज बुडते, असं त्यांनी समजावलं. किती ड्रायव्हर ट्यूबा बदलल्या! वहिनींना बोलायला लावायचे, कान देऊन बसायचे. शेवटी एक शांत सापडली. आउटपुटला लहान ट्यूबांची जोडी ठरली.

मुंबईला निघालेल्या आपल्या स्टोअरच्या लडकूला त्यांनी सांगितलं, वॉलची जोडी आण, दोन्ही अगदी सारखे. या ट्यूबांनाच जुने लोक वॉल म्हणतात. आता आपल्या भातसा धरणावर वॉल म्हटलं की काय डोळ्यांपुढे येणार? भल्या माणसानं पाण्याच्या पाइपाचे दोन पितळी वॉल आणले. इंद्रजीतरावांनी कपाळाला हात लावला. वहिनींनी एक वॉल फिरवून पाहिला आणि कुजबुजल्या, "चांगला हाय. माझ्या गळ्याला बसवा."

खोटं कशाला बोलू, आम्ही पोट धरून हसलो. लडकू पुन्हा जाऊन बरोबर ट्यूबा घेऊन आला, तोवर वहिनींना दवाखान्यात हलवलं होतं. पौर्णिमा त्यांना दिसली नाही.

लडकू, दाराशी उभा राहू नकोस, आत ये. तुझ्या चुकीनं त्या गेल्या नाहीत, बाबा. त्यांची वंदना मात्र राहून गेली, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

इंद्रजीतरावांनी यंत्र तरीही पुरं केलं. आता कशाला, असं मी विचारलं, तरी ते तारा जोडत राहिले. आज सकाळी स्वतः उचलून इथं आणलं. मी बोलतोय तो माईक त्यालाच जोडलाय. मला त्यांनी एवढंच बजावलं की हळू बोला, हे तिच्या आवाजाला बांधलंय.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. आणि इंद्रजीतराव, माझा आवाज याला कुठे मोठा पडला असेल, तर मला क्षमा करा.