खिडकीतला चेहरा : डोरीन ट्रेंबथ यांना निरोप देताना

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या क्रीडा विभागाचे संचालक व्हर्नन हास, व्यासपीठावरील प्राध्यापक आणि प्रशिक्षक मंडळी, ज्यांच्यासाठी आज आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलो त्या डोरीन ट्रेंबथबाई, समोर बसलेले आजी-माजी खेळाडू, आणि तलावातून थेट ओल्या केसांनी इथे आलेल्या माझ्या पोरींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. पण मी, काइसा लेहतो, पडले पाठीवर पोहणारी बाई. आम्हाला समोरची भिंत दिसत नाही. ती जवळ आली हे वर टांगलेल्या पताकांवरून कळतं. इथे पताका नाहीत, तेव्हा लांबलं तर अध्यक्षांनी खाकरावं.

आपल्या जुन्या तलावाचं छत मला अजून स्वप्नात दिसतं. कानात पाणी, माणसांचे आवाज कुठल्या तरी दुसऱ्या गावातून आल्यासारखे, वर वाफ आणि वाफेत विरघळलेले दिवे. काचांवर बर्फ साचला की उजेड निळा व्हायचा. एकोणिसाव्या वर्षी मला वाटायचं, मी म्हणजे एवढंच, त्या निळ्या उजेडाखाली तरंगणारं काहीतरी. आपल्याला एक चेहरा आहे आणि त्याच्यावर भलत्याच कुणाचा तरी हक्क असू शकतो, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ते मला डोरीनबाईंनी शिकवलं, आणि तेव्हा मला त्यांचा अतिशय राग आला होता. आज सत्काराच्या दिवशी हे बोलू नये, पण बोलते.

नव्या मुलींना सांगायला हवं. डोरीनबाई आपल्या नियमपालन अधिकारी. तेव्हाचा नियम असा, की खेळाडूचं नाव किंवा फोटो कुठल्याही दुकानाच्या विक्रीसाठी वापरला गेला की खेळाडू स्पर्धेतून बाद. कॉलेजनं मात्र तो खुशाल वापरावा. हायवेवर माझा फोटो होता, घराएवढा. मला कुणी विचारलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू? जाता-येता मी मान वळवून बघायचे.

माझी आई, हेल्मी लेहतो, गावात पेस्टीचं, म्हणजे खिमा-बटाटा भरून भाजलेल्या त्या भल्यामोठ्या करंज्यांचं, दुकान चालवायची. मी अंतिम शर्यतीत पोचले, तेव्हा तिला आनंद कुठे ठेवू असं झालं. तिनं तो दुकानाच्या खिडकीत ठेवला. माझा फोटो, आणि खाली तिच्या अक्षरात : ‘आमच्या काइसाची आवडती पेस्टी, आत मिळेल.’

शर्यतीला नऊ दिवस होते. कुणीतरी कॉलेजला कळवलं. डोरीनबाईंना फोन करता आला असता. त्या बर्फातून गाडी चालवत स्वतः आल्या, बूट दारात झटकले आणि म्हणाल्या, “लेहतोबाई, तो फोटो उतरवावा लागेल.”

“का? वाईट आलाय?”

“छान आलाय. पण तो राहिला तर ही पाण्यात उतरू शकणार नाही.”

“हे तोंड कुणाचं आहे, बाई?”

“तुमच्या मुलीचं.”

“मग हायवेवर तुम्ही टांगलीय ती कोण?”

डोरीनबाई आधीच झटकलेले बूट पुन्हा झटकू लागल्या. मी काउंटरमागे उभी, हात पिठात. आई माझ्याकडे बघायला लागली. मी काय म्हणावं? मी म्हणाले, “आई, काढ ना. शोभा होतेय.”

ते ‘शोभा’ मला आजही बोचतं. आईनं एकेक कोपरा नखानं सोडवला. मग डोरीनबाईंना म्हणाली, “जिथे माझ्या पोरीला स्वतःच्या तोंडाबद्दल ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथे मी पाऊल टाकणार नाही.” आणि आमच्याकडची माणसं बोललेलं विसरत नाहीत.

मी शर्यत पोहले, तिसरी आले. पाण्याखालूनही आईची हाक मला ओळखू यायची. त्या दिवशी ती आली नाही. पुढे मी इथेच प्रशिक्षक झाले, तरी आई आली नाही. अठरा वर्षं.

डोरीनबाई मात्र त्या प्रश्नापासून सुटल्या नाहीत. काही वर्षांनी राजधानीत समिती बसली, खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि चेहऱ्याचा हक्क द्यावा का, यावर. वरिष्ठांनी जाऊ नका म्हटलेलं असताना बाई गेल्या आणि म्हणाल्या, मला एका दुकानात एका आईनं प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. परत आल्या तर त्यांची खोली धुलाईयंत्रांच्या शेजारी हलवली होती. अध्यक्षमहाराज, ते तुमच्या आधीच्या संचालकांनी केलं, तुम्ही हसायला हरकत नाही. पण कायदा झाला. आज माझ्या या पोरी स्वतःच्या फोटोसकट स्वतः विणलेल्या टोप्या विकतात आणि सरावाला उशिरा येतात.

गेल्या महिन्यात मला डोरीनबाईंचं पत्र आलं. आजच्या समारंभात पडद्यावर माझा तो हायवेवरचा फोटो लावायचा होता. खाली दोन चौकोन : ‘परवानगी आहे’, ‘परवानगी नाही’. तीन दिवस मी तो कागद पोहण्याच्या पिशवीत घेऊन फिरले. मला कुणीतरी विचारलं होतं. नुसतं एवढ्यानंच इतकं हलकं वाटत होतं, की खूण करून ते संपवावंसं वाटेना. शेवटी ‘नाही’वर खूण केली. फोटोवर राग नाही. चालतं का ते बघायचं होतं.

म्हणून माझ्यामागचा पडदा कोरा आहे. मघापासून तुम्हाला वाटत असेल, यंत्र बिघडलं.

डोरीनबाईंचा लगेच फोन आला. “पोचलं. लावणार नाही.” एवढंच. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “नाही म्हटलेलं ऐकलं त्यांनी?”

“ऐकलं, आई.”

“मग येते मी.”

तिसऱ्या रांगेत, करड्या कोटातली, ती माझी आई.

डोरीनबाई, आभार मानायला उभी राहिले आणि तुमची जुनी उणीदुणीच काढत बसले. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घालावं. आई, त्या दिवशी दुकानात जे बोलले, तेवढं तूही पोटात घाल.