ताईचा नंबर आणि वकीलबाई

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या वकीलबाई, आणि चहा बाजूला ठेवून ऐकायला बसलेल्या सुजनहो,

मी चष्मे विकतो. भाषण हा माझा धंदा नव्हे. पण ताई म्हणाली, “तूच बोल, मला रडू येईल.” थोरल्या बहिणीपुढे कुणाचं चाललंय?

मारकुट्या नवऱ्याला सोडून ताई दुसऱ्या गावी गेली, तेव्हा तिचा नवा नंबर मी फोनमध्ये ‘प्लंबर’ म्हणून ठेवला. केवढी ही हुशारी! परिणाम एवढाच, की नळ गळला आणि आमच्या सौभाग्यवतींनी शेजारणीला तोच नंबर दिला. ताईनं तिला वायसर बदलायला सांगितलं, आणि नळ थांबलाही!

पण एका सोशल मीडिया कंपनीला माझा प्लंबर फसवू शकला नाही. ताईनं तिथं आपल्या शिवणक्लाससाठी त्याच नंबरावर, पण वेगळ्या नावानं खातं उघडलं होतं. फोटो मांजराचा, पत्ता क्लासचा. कंपनीनं माझ्या फोनमधले नंबर उचलले, नाती जुळवली आणि थेट तिच्या नवऱ्याला सुचवलं, ‘ह्या तुमच्या ओळखीच्या असतील.’ दुसऱ्या दिवशी तो क्लासच्या दारात उभा. मुलींनी आतून कडी घातली म्हणून ताई वाचली.

आम्ही कोर्टात गेलो, तर कंपनीचं म्हणणं काय? भावानंच परवानगीचं बटण दाबलं! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हा आमच्या वकीलबाई शांतपणे उठल्या. “किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली, म्हणून त्यानं कुणालाही घर दाखवत फिरायचं का? आणि भावानं हो म्हटलं असेल, बहिणीला कुणी विचारलं?” समोरचे वकील पाणी प्यायले.

गेल्या महिन्यात निकाल लागला. जबाबदारी कंपनीची. ताईची माहिती पुसली गेली, आणि विचारल्याशिवाय अशा ओळखी जुळवायला बंदी आली. त्या रात्री आमच्या घरात सगळे गाढ झोपले. बाई, ही झोप तुमची देणगी आहे.

आपण सर्वांनी सहन केलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि फोटोग्राफर दादा, मघाशी तुम्ही तिसऱ्या रांगेतल्या बाईंना विचारलंत ना, “तुमचा फोटो काढू का?” ती माझी ताई. ती हो म्हणतेय.