खड्ड्याभोवतीची रांगोळी

…आणि तेव्हा मला कोणी सांगितलं का, की हे लॉऱ्यांमुळे होतंय म्हणून? नाही! उलट मलाच बोलणी! तुम्हाला सांगते, मला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की सकाळी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले तर आमचा पितळी बाळकृष्ण भिंतीकडे तोंड करून रांगतोय. मी टोस्टरमधला ब्रेड उडाला तरी दचकते, हे घरात सगळ्यांना माहीत, म्हणून गुपचूप त्याला सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "वरदा, देव पुसून झाले की नीट ठेवत जा गं, उरकल्यासारखं करू नकोस." अहो, मी नीटच ठेवते! मी तोंड उघडणार तेवढ्यात दारावरून एक लॉरी गेली, मांडणीवरचे स्टीलचे डबे थरथरले, आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाळकृष्ण केसभर वळला.

बाबा गणिताचे शिक्षक, इथे विलायतेतल्या शाळेत तीस वर्षं शिकवून रिटायर झालेले, त्यांना भीती वगैरे नाहीच, त्यांनी पेन्सिल आणून पाटावर खूण केली. "दिवसाला एकशे ऐंशी अंश," म्हणाले, खुशीत! मी म्हटलं, बाबा, घर हलतंय!

झालंय असं, की गेल्या वर्षी आमच्या रस्त्याच्या टोकाला एक डेपो आला. तेव्हापासून बंदरातले कंटेनर आमच्या दारावरून मोटरवेला जातात, आणि रस्ता केवढा, तर समोरासमोर दोन कार आल्या तर एकीला मागे जावं लागतं एवढा. आधी नुसती चीर पडली. मग वाटीएवढा खड्डा, मग ताटाएवढा, आता आमचा पोळ्यांचा डबा झाकणासकट त्यात बसेल. आणि पाऊस पडला की तो दिसतच नाही, नुसतं डबकं वाटतं… आणि इथे पाऊस कधी नसतो?

माझी आई, सुमन, हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरची नर्स आहे. सकाळच्या शिफ्टला ती सायकलने जाते, कारण त्या वेळची बस फक्त टाइमटेबलमध्ये येते. सहा आठवड्यांपूर्वी मी खिडकीतून तिला हात करत होते, तर तिचं पुढचं चाक खड्ड्यात, आई रस्त्यावर, आणि मागे लॉरी. ब्रेकचा तो आवाज… लॉरी थांबली. थांबली म्हणून मी हे सगळं इतक्या तक्रारीच्या सुरात सांगू शकतेय. आई आणि लॉरीचं चाक, यांच्यामध्ये माझा एक हात मावला असता. मी नंतर तिथे जाऊन हात धरून बघितला.

मनगट मोडलं. काल प्लॅस्टर निघालं, आणि ही बाई सोमवारी पुन्हा सायकलवर बसणार! आज शुक्रवार आहे हो! "अगं, घाबरतेस काय एवढी? बघून चालवीन." काय बघणार, आई? पाणी?

म्हणजे सोमवारच्या आत तो बुजला पाहिजे, माझं एवढंच मागणं आहे, जास्त काही नाही. पण बुजवायचा कोणी? कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, बाई गोड आवाजात म्हणाली, "हे नुकसान जड वाहनांचं दिसतंय, डियर, तुम्ही डेपोशी बोललात का?" डेपोचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आमची प्रत्येक लॉरी टॅक्स भरते, तो सरकारकडे जातो, सरकारला विचारा." सरकारच्या वेबसाइटवर लिहिलंय, स्थानिक रस्त्यांसाठी आपल्या कौन्सिलशी संपर्क साधावा. मग खड्डा कोणाचा?

शेजारचे कीथ कुंपणावरून ओरडले, "मी कौन्सिल टॅक्स देतो तो काय त्यांच्या लॉऱ्यांसाठी? मोडला त्यांनी, भरावा त्यांनी!" अगदी बरोबर, मी टाळ्याच वाजवणार होते, तर बाबा तिथे पेन्सिल घेऊन हजर. "चाकांच्या आसावरचं वजन दुप्पट झालं, तर रस्त्याची झीज दुप्पट नाही होत, कीथ, सोळापट होते. पण तुमचं नवीन वॉशिंग मशीन कशातून आलं?" मग माझ्याकडे वळून मराठीत, "आणि आपली वीस किलोची तांदळाची गोणी? खड्डा थोडासा आपलाही आहे, वरदा." मला इतका राग आला! अहो, आई पडली की हो त्यात! मी भात कमी खाते उद्यापासून, पण आजचं काय? खड्डा कोणाचा?

आणि आई. आईने काय करावं? पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी, उजवा हात गळ्यात, माझं चकाकणारं पिवळं हाय-व्हिज जाकीट अंगात, डाव्या हाताने खड्ड्याभोवती रांगोळी! "दुसरं कोणी पडायला नको," म्हणाली. नुसता जाड पांढरा वेढाच काढायचा होता, पण हाताला राहवेना, बाहेरून पाकळ्या काढल्याच. पावसाने धुतली की पुन्हा. सायकलवाले वळसा घालून "लव्हली!" म्हणत जायला लागले, आणि मीसुद्धा, मूर्खासारखी, जाकीट घालून तिच्यासाठी लॉऱ्या थांबवायला उभी राहायचे.

तिकडे माझ्या तक्रारी एकामागून एक बंद. तीन ईमेल, तिन्हींत तेच: "आमच्या इन्स्पेक्टरने पाहणी केली. खड्डा आधीच मार्क केलेला आढळला. केस बंद." मार्क? कोणी मार्क केला? शेवटी कीथनीच सांगितलं. इथे इन्स्पेक्टर येतो, जो खड्डा बुजवायचा त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाने खूण करतो, आणि मग डांबरवाले येतात. खूण दिसली की पुढचा इन्स्पेक्टर समजतो, काम लागलंय. म्हणजे सहा आठवडे, रोज सकाळी, माझी आई स्वतःच्या हाताने…

आईला मी हे सांगितलेलं नाही. कसं सांगू?

म्हणून आज सकाळपासून फोन धरून बसलेय. "तुम्ही रांगेत सतराव्या आहात." मग पियानो. "तुम्ही रांगेत सतराव्या आहात." अहो, पुढचे सोळा कोण आहेत, कुठल्या खड्ड्यात आहेत? काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलंय: आई, मनगट, सोमवार, आणि खाली मोठ्या अक्षरात, रडायचं नाही. बाहेर आई अंगणातच सायकलवर बसून ब्रेक दाबून बघतेय. दाबताना तोंड वाकडं करते, मला दिसू नये म्हणून पाठ फिरवते. नववी… चौथी… लॉरी गेली, डबे थरथरले… दुसरी…

"हॅलो?"

खरा माणूस! मी इतकी दचकले की कागद खाली पडला, कसंबसं रस्त्याचं नाव सांगितलं.

"हां, तो खड्डा!" तो म्हणाला. "खड्ड्याचं बघू हो नंतर. पण त्याच्याभोवती पांढरं मार्किंग आहे ना, पाकळ्यांचं? ते आमच्या कुणाचंच नाहीये. विनापरवाना आहे. ते कोणाचं, तुम्हाला काही कल्पना?"

सहा आठवड्यांत पहिल्यांदाच समोरच्याने आपणहून विचारलं होतं, कोणाचं म्हणून. देव्हाऱ्यात बाळकृष्ण भिंतीकडे बघत होता.

म्हटलं, "आमचं."