पार्सलातला भोपळा

एकाहत्तर सालचा नोव्हेंबर. कर्जतच्या पोस्टात शाळेतल्या एलिया मास्तरांच्या पुढे एक शेतकरी आणि त्याची बायको रांगेत उभी होती. बाईच्या हातात कापडात शिवलेलं गोल पार्सल होतं.

"अवं, पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट कशाला?"

"बंगालातनं पळून आलेल्या लोकांसाठी. समद्या देशानं द्यायचं हाय."

"आपण परक्याच्या भांडणात पडत न्हाई, असं तुमीच पारावर सांगत हुता."

"तवा न्हवतो पडत. आता त्यांच्या पोरांना आपण बंदुका शिकवतोय म्हंत्यात."

"आन् आपला कानिफ तिकडंच गेलाय."

"तसं त्यानं लिवलं न्हाई."

"इकडं नद्या लई हायेत, असं लिवलंय. पंजाबात हुता तवा गव्हाचं लिवायचा."

"म्हनून पल्टनीत भोपळा धाडायचा? हसतील की त्याला."

"हसू द्या. गावची समदी पोरं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पवायला शिकली. त्याला एकट्याला मी उतरू दिलं न्हाई."

"थोरला बुडाल्यावर कोन उतरू देईल? तिथं साहेब शिकवतील त्याला."

"त्यानं सांगितलं तर शिकवतील. भरतीच्या वेळी पवता येतं म्हनून बोललाय त्यो."

"ते मीच बोलायला लावलं हुतं."

बाईने पार्सलाची शिवण चाचपली. मास्तर भिंतीकडे पाहू लागले.

"पुढचे या. काय आहे यात?" खिडकीतून आवाज आला.

नवऱ्याने बायकोच्या हातातलं पार्सल घेतलं आणि दोन्ही हातांनी आत सरकवलं.

"भोपळा हाय, साहेब. लवकर पोचंल असं काय ते करा."