मागच्या खोलीची किल्ली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज वाचनालयातून निवृत्त होणाऱ्या आमच्या ग्रंथपाल बाई, आणि हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मी शिवणकाम करते. एरवी तोंडात टाचण्या असतात, म्हणून गप्प असते. आज टाचण्या नाहीत, तेव्हा सांभाळून घ्या.

बाईंनी मागच्या खोलीत बायकांसाठी दुपारी संगणक सुरू केले, तेव्हा मी शिवणाच्या ऑर्डरींसाठी ऑनलाइन खातं उघडायला गेले. नंबर दिला नवऱ्याचा. आम्ही सगळ्याजणी तेच करायचो, त्यात काही वावगं वाटायचं नाही. ओटीपी गेला त्यांच्या फोनवर, आणि हे ट्रक चालवतायत. बाईंच्या फोनवरून विचारलं, तर म्हणाले, "थांब, गाडी बाजूला घेतो." गाडी बाजूला लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. पुन्हा तेच. शेवटी वैतागले, "तुझं दुकान उघडायला मी किती वेळा ब्रेक मारू?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "दुकान तुमचं आणि किल्ली त्यांच्या खिशात? आधी स्वतःच्या नावावर नंबर घ्या."

सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. बाईमाणसाला वेगळा फोन कशाला? त्या बघा, दुसऱ्या रांगेत बसल्यात. आता त्यांचाही फोन आहे, आणि पासवर्ड त्या मला सांगत नाहीत. मला त्याचा फार आनंद होतो.

अध्यक्ष महोदय, मघाशी आपण म्हणालात, आता घरोघरी फोन आहेत, तेव्हा उद्यापासून ती खोली समितीच्या बैठकांना घेऊ. आपला मान राखून विचारते, घरात फोन असणं आणि बाईच्या हातात फोन असणं एकच का? मैत्रिणींनो, जिचा फोन घरात दुसरं कुणी उघडून बघत नाही, तिने हात वर करा.

दिसतंय ना सगळ्यांना? मग ज्यांचे हात खाली आहेत, त्यांनी कुठे जायचं? कुणाला नोकरीचा अर्ज करायचाय, कुणाला आपलं दुखणं कुणाच्याही नकळत डॉक्टरला विचारायचंय. त्या खोलीत पाठ भिंतीला लावून बसायचं, म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. दुसरीच्या पडद्यात कुणी डोकवायचं नाही, हा बाईंचा नियम. समितीच्या सभासदांनाही तो लागू होता, आणि काहींना तो आवडत नव्हता, हेही मला ठाऊक आहे.

बाई, तुम्ही जाताय याचं फार वाईट वाटतंय. पण रडायचं ते घरी जाऊन रडेन. मघाशी तुम्ही खोलीची किल्ली अध्यक्षांपुढे टेबलावर ठेवलीत. ती मी उचलतेय. उद्या दुपारी खोली उघडेल. आम्ही आळीपाळीने सांभाळू.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. किल्ली मात्र परत मागू नका.